बेट हुकलं त्या सकाळी

शकू,

आज पाणी आलं. नवव्या दिवशी आलं, सकाळी सव्वासातला, आणि तुझ्या गच्चीवरून हाक आली नाही. एरवी नळात हवेची पहिली शिट्टी वाजली की तू कठड्यावरून वाकून सांगायचीस, "बाई, आलं हो!" आणि मी चहा टाकून धावायची. आज शिट्टी ऐकली आणि हातात कप धरून तशीच बसून राहिले. तुझी हाक आली नाही तरी उठायचं असतं, हे माझ्या पायांना माहीतच नाही. शेवटी समोरच्या घरातल्या सुनेनं फाटक वाजवून सांगितलं की काकू, पाणी येऊन दहा मिनिटं झाली, तेव्हा उठले.

तुला जाऊन पंधरवडा व्हायचाय. लोक येतात, तुझ्या डब्यांबद्दल बोलतात, शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या किती पोरांना तू जेवू घातलंस ते सांगतात. सगळं खरं आहे. पण मला त्या बेटाबद्दल बोलायचंय. तुझं बेट माझ्यामुळं हुकलं, शकू. सगळ्या गल्लीला वाटतं ते तुझ्यामुळं हुकलं, आणि त्यांना तसं वाटायला मीच लावलं. हे तुला तोंडावर सांगायला मला चार वर्षं मिळाली होती. तू कुठं लांब नव्हतीस, भिंतीपलीकडं होतीस. तरी माझ्या तोंडाला कुलूप. आता तू नाहीस तर मी लिहायला बसलेय. मास्तरीणबाईंना वेळेवर सुचलं तर शपथ.

ते बेट तुझ्या डोक्यात घातलं तेही मीच. तुझी प्रज्ञा तेव्हा पाचवीत, माझ्याच वर्गात. तुझ्या ओट्यावर बसून भूगोल घोकत होती, की ज्या जमिनीच्या चारही बाजूंना पाणी असतं तिला बेट म्हणतात. तू आत डब्याच्या पोळ्या लाटत होतीस. तशीच पिठाच्या हातानं बाहेर आलीस आणि भिंतीवरून मला विचारलंस, "बाई, चारी बाजूनं पाणी? रोज?"

मला इतकं हसू आलं. मी म्हटलं, रोज गं, पण खारं असतं. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस की भांडी तरी घासून होतील.

आपली ओळख मात्र त्याच्याही आधीची. तिला ओळख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी नवी सून होते. मुकुंदवाडी तेव्हा अर्धी शेतातच होती, स्टेशनच्या पलीकडं ज्वारी उभी असायची, आणि त्या वर्षी तीही नव्हती. दुष्काळ पडला होता. विहिरी खरवडून झाल्या होत्या, टँकर येईल तेव्हा खरा. आमच्या अंगणातल्या हापशाला तेवढं पाणी होतं. सासूबाईंनी गल्लीला मज्जाव केला नाही, पण रांग त्यांची होती. दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि आधी कोण, मग कोण, ते ठरवायच्या. तू कन्नड तालुक्यातून लग्न होऊन नुकतीच आलेली. तुमचं घर बौद्धांचं, म्हणून तुझी कळशी सगळ्यांत शेवटी. हापशाच्या दांड्याला तू हात लावायचा नाही. कळशी ओट्याच्या खाली ठेवायची आणि तिच्यात बादलीतून वरून पाणी ओतायचं. आणि शकू, ते ओतायचं काम माझं होतं.

मी शिकलेली होते. बी.एड. करत होते. समतेवर छान छान निबंध लिहीत होते. आणि रोज सकाळी हात उंच धरून तुझ्या कळशीत पाणी ओतत होते. तू मान वर करून बघायचीस. तुझ्या नजरेत राग नव्हता असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. राग होता. एक दिवस तू यायची बंद झालीस. टँकरमागं धावलीस, लांबच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणलंस, पण आमच्या अंगणात पाय टाकला नाहीस. सासूबाई म्हणाल्या की बरं झालं, रांग कमी झाली. मी तेव्हाही काही बोलले नाही.

मग वर्षं गेली. नळ आले, प्रज्ञा शाळेत आली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. माझी शाळा, घरात करणारं दुसरं कुणी नाही, आणि दुष्काळात तेरावा महिना तसं नेमकं स्वयंपाकाच्या बाईनं काम सोडलं. मी तुझ्या दारात येऊन उभी राहिले. तू एवढंच विचारलंस की किती माणसांचा डबा. दीड वर्ष सासूबाई तुझ्या हातचं जेवल्या. वरणाचं कौतुक करायच्या. मी एकदा तुला विचारलं, त्यांना सांगू का कुणाच्या घरचं आहे ते? तू डब्याची कडी लावत म्हणालीस, "सांगा की. पण जेवण झाल्यावर सांगा."

मी सांगितलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. तिथून आपली मैत्री झाली असं मी म्हणते. तू काय म्हणायचीस मला ठाऊक नाही. तू मला शेवटपर्यंत 'बाई' आणि 'तुम्ही'च म्हणालीस. तू म्हण गं, असं कितीदा सांगितलं, तर जिभेला वळण नाय म्हणून हसायचीस.

उन्हाळ्यातल्या त्या गच्च्या आठवतात? तुझ्या गच्चीवर आपण कुरडया घालायचो आणि राखण करत टाकीच्या सावलीत बसायचो. दुपारी शेंद्र्याच्या बाजूला ऊन असं थरथरायचं की लांबचे पत्र्याचे कारखाने पाण्यावर तरंगतायत असं वाटायचं. तू हात करून दाखवायचीस, ती बघा बाई, बेटं. दरवर्षी त्यांत भर पडायची. शेतं गेली, प्लॉट पडले, रस्ते रुंद झाले. आपल्या दोन घरांभोवती चार चार मजले चढले, आणि मग त्या चार मजल्यांआड बेटं दिसेनाशी झाली. नळाचा वार तेवढा लांबत गेला. दिवसाआडचं पाणी चौथ्या दिवसावर गेलं, मग आठव्या. पण डोळे बारीक करून बसलं की मधल्या फटीतून अजून तो समुद्र दिसतो, मी कालच बसले होते. चिमण्या कुरडया खायला येतात तशा आल्या, कुरडया नव्हत्या, तशाच गेल्या.

मग तुझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, कारखान्यातल्या इंजिनिअरनं, बायकोला बोटीनं फिरवून आणलं. त्यानं रिकामा डबा परत करताना आत पेढ्यांबरोबर माहितीचा एक कागद घडी करून ठेवला. तू तो कागद महिनाभर पिठाच्या डब्यात जपलास. एक दिवस कढी घेऊन आलीस. ऊन फार पडलंय, बाईंची पेन्शन वेळेवर येते ना, गुडघे कसे आहेत, अशी इकडची तिकडची चौकशी. मी म्हटलं, शकू, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, काय ते बोल. तू म्हणालीस, "बेटावर जायचं."

मी म्हटलं वेड लागलंय तुला. विमान, तिथलं हॉटेल, तिथलं जेवण, ही काय आपल्यासारख्यांची कामं आहेत? तू पदराला हात पुसलेस आणि मी वर्गात समजावते तसं मला समजावलंस. "बाई, हे डब्यावानी हाय. हाटेलात सुटं खायला बसलं की पोळी येगळी, भाजी येगळी, अन् उठायच्या टायमाला जीव घाबरा. डब्यात समदं एकदम येतं. बोटीत खोली, जेवण, प्रवास एकाच तिकिटात. आपण झोपलो तरी बोट आपली चालत ऱ्हाती."

तू सगळा अभ्यास करून आली होतीस. दिवाळीत जायचं नाही, नाताळात तर नाहीच. जायचं ते पोरांच्या परीक्षा चालू असतात तेव्हा, बोटी रिकाम्या असतात नि तिकीट उतरतं. खोली खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची. मी कुरकुर केली तर म्हणालीस की खिडकी कशापायी, समुद्र काय आपल्या खोलीत झोपायला येणार हाय व्हय? वर गच्चीवर तो सगळ्यांना सारखाच दिसतो. आतली दुकानं, सरबतं, फोटोवाले यांच्याकडं ढुंकून बघायचं नाही. आणि लक्षद्वीपचं एक बेट तिकिटातच धरलेलं होतं. बोट किनाऱ्यापर्यंत जात नाही, लांब उभी राहते. तिथून होडीत बसायचं आणि बेटावर उतरायचं. एक दिवस वाळूत हिंडायचं. तुझ्या बोटाला लागलेलं पीठ त्या कागदावर नेमकं त्या ओळीवर उमटलं होतं.

मुंबईला धक्क्यावर बोट बघितली आणि आपण दोघींनी माना वर केल्या. आपल्या गल्लीसारख्या चार गल्ल्या एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. खोली सापडली, दिवा लागला, आणि तू पलंगाकडं न बघता थेट न्हाणीघरात गेलीस. नळ सोडलास. पाणी आलं. बंद केलास, पुन्हा सोडलास. पुन्हा आलं. मग पिशवीतून तुझा फिरकीचा तांब्या काढलास, तुझ्या आईनं कन्नडच्या बाजारातून घेऊन लग्नात दिलेला, पोटावर तिचं नाव घातलेला. तो भरून फिरकी लावलीस. मग खोलीतले दोन पेले भरलेस, चहाची किटली भरलीस, बर्फाचं भांडं भरलंस. शेवटी बरणीतला चिवडा पिशवीत ओतून बरणीही भरलीस. मी पोट धरून हसत होते. म्हटलं, अगं शकू, इथं चोवीस तास पाणी असतं.

"आत्ता हाय," तू म्हणालीस.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी तेव्हा तुला म्हणाले. आता ती म्हण माझ्या तोंडून निघत नाही.

खोली आवरायला गोव्याचे एक वयस्क गृहस्थ यायचे. ते रोज सकाळी सगळी भांडी ओतून, धुऊन, पालथी घालून ठेवायचे. तू रोज भरायचीस. त्यावरून दोघंही एकमेकांशी एका शब्दानं बोलत नव्हतात. त्यांनीच मला सांगितलं की हे पाणी कुठून भरून आणत नाहीत, बोटीवरच समुद्राचं गोडं करतात. तू किती वेळ विचार करत बसलीस. मग मला म्हणालीस की एवढं करता येत असताना यांच्या चेहऱ्यावर काही कसं दिसत नाही.

ते दोन दिवस मला आता स्वप्नासारखे आठवतात, कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते कळत नाही. तू पाटावर बसावं तशी मांडी घालून खुर्चीवर बसलीस आणि तुझ्यापुढं कुणीतरी ताट आणून ठेवलं. तू ताटाकडं बघत राहिलीस. तीस वर्षं लोकांना जेवू घालणारी बाई, तुला कुणी आयतं वाढलं म्हणून तुझे डोळे भरून आले, आणि लगेच दुसऱ्या घासाला डाळीत हिंग नाय म्हणालीस. खोलीत दिवा घालवला की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते समजायचं नाही, नुसतं हेलकावणं. अंधारातून तुझा आवाज आला होता, झोळीत घातल्यावानी वाटतंय. सकाळी वर गेलो तर चारही बाजूंना पाणीच पाणी, कुठं काठ नाही, आणि बोटीमागं पांढरा पट्टा लांब लांब जाऊन विरघळत होता. तू त्या पट्ट्याकडं तोंड करून बसायचीस. वारा तुझा पदर माझ्या तोंडावर आणायचा. मला तेव्हा फार जवळची वाटलीस तू. मी धीर केला. म्हटलं, "शकू, त्या हापशाच्या वेळी मी..."

तुझे डोळे मिटलेले होते. तू न उघडता म्हणालीस, "बाई, पाणी ऐका."

मी ऐकत बसले. पुढचं बोलणं राहून गेलं. तुला ते नको होतं, की मी हट्ट धरून सरळ बोलावं असं तुला वाटत होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि मग ती सकाळ. समोर बेट होतं. आपण नाश्त्याला बसलो होतो तेव्हा भोंग्यावरून सूचना झाली, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. वारा वाढतोय, बेटावर जाणाऱ्यांनी लवकर खाली यावं, साडेनऊनंतर होडी सुटेलच असं नाही. आणि दुसरी सूचना, पाइपाच्या कामासाठी खालच्या मजल्यांवरचं पाणी साडेनऊपासून दीड तास बंद राहील. आपण चपला बदलायला खोलीत आलो. नऊ वाजून गेले होते. तू नवी रबरी चप्पल घातलीस, पदर खोचलास आणि दारात जाऊन उभी राहिलीस. तुझ्या हातात काही नव्हतं, पिशवीसुद्धा नाही.

मी न्हाणीघरात शिरले.

का शिरले, विचार. दिवसभर आपण बेटावर असणार होतो. पाणी दीड तास गेलं काय नि आलं काय, हे पाचवीतल्या पोराला कळलं असतं. पण पाणी बंद होणार हे कानावर पडलं आणि माझं डोकं थांबलं, हात सुरू झाले. त्या गृहस्थांनी सगळी भांडी रिकामी करून ठेवली होती. दोन दिवस तुला हसणारी मी, जे हाताला लागेल ते नळाखाली धरत सुटले. तू म्हणालीस, "बाई, चला." मी म्हटलं आले, पाचच मिनिटं, भरून ठेवते.

"ऱ्हाऊ द्या पाणी."

हे वाक्य तुझ्या तोंडून मी जन्मात त्या एकदाच ऐकलं. ऐकलं आणि भरत राहिले. धार बारीक झाली होती. किटली भरता भरेना. तू पुन्हा हाक मारली नाहीस. शेवटी मी वळून बघितलं तर तू चौकटीला टेकून उभी होतीस, माझ्या हातांकडं बघत. मला वाटलं चिडलीस.

खाली पोचलो तर बाहेर पडायच्या दाराला साखळी लागली होती. खलाशी चांगला होता बिचारा, हिंदीत म्हणाला की माताजी, लाटा वाढल्यात, शेवटची होडी आत्ताच गेली. ती दिसत होती. नारिंगी रंगाची, माणसांनी भरलेली, वरखाली होत चाललेली.

मग आपण दिवसभर वर उभ्या राहून बेट बघितलं. एवढं जवळ होतं की झावळ्या हलताना दिसत होत्या. बोटीखालचं पाणी गडद निळं, पुढं पुढं जात कच्च्या कैरीच्या सालीसारखं, आणि काठाशी रंगच नाही, नुसता उजेड. मग वाळूची पांढरी रेघ. तिच्यावर आपल्याच बोटीतली माणसं मुंगीएवढी दिसत होती, वाकून काहीतरी वेचत होती. तू म्हणालीस की लई गोड दिसतंय. एकदाही माझ्याकडं रागानं बघितलं नाहीस. त्याचाच मला राग आला, आधी माझा, आणि मग, माझा स्वभावच मेला तसा, तुझा. संध्याकाळी खोलीत आलो तर सगळी भांडी भरलेलीच होती. त्या दिवशी त्या गृहस्थांनी एकही ओतलं नव्हतं.

घरी आल्यावर तुझ्या ओट्यावर सगळ्या जमल्या. कुणीतरी विचारलं, बेट कसं होतं? तू तोंड उघडायच्या आत मी हसत हसत बोलून गेले, कसलं बेट, हिच्या पाणी भरायच्या नादात होडी सुटली! सगळ्या खो खो हसल्या. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, तुझं पाणी भरणं अख्ख्या मुकुंदवाडीला ठाऊक. मी तुझ्याकडं बघितलं. तू क्षणभर माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, व्हय, सवय लई वाईट. मग चहा टाकायला आत गेलीस.

झालं. चार वर्षं ती गंमत गल्लीत फिरली. लग्नाच्या मांडवात, भिशीत, टँकरच्या रांगेत. दर वेळी मी ठरवायची, आज सांगायचं. दर वेळी तूही हसायचीस, आणि मला वाटायचं चला, हिला नाही लागत मनाला. किती सोयीचं असतं असं वाटणं. शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ बसले होते तेव्हा तू बारीक आवाजात म्हणालीस की पुन्हा जाऊ बाई, या खेपेला बरणी घरी ठेवा. मला रडू फुटलं, म्हणून मी उठून खिडकीशी गेले. तेव्हा तरी सांगायचं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तुझा जलदान विधी झाला, शकू. भंतेजी आले होते. तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मी मागं प्रज्ञाच्या सासूबाईंशेजारी. भंतेजींनी सांगितलं की भरलेल्या नद्या जशा समुद्राला जाऊन मिळतात, तसं इथून दिलेलं गेलेल्या माणसाला पोचतं. प्रज्ञानं तुझाच फिरकीचा तांब्या घेतला होता. ती वाटीत पाणी ओतत राहिली. वाटी भरली, ओसंडली, खालच्या ताटात पाणी पसरलं, ताटाच्या काठाशी आलं. आणि मी, काय सांगू तुला, मी पुढं सरकून जवळचं पातेलं त्याच्याखाली ढकललं. हात आपोआप गेला. भंतेजी थांबले. रडणाऱ्या बायका एकदम हसल्या. तुझ्या जावेनं डोळे पुसत म्हटलं की शकू असती तर तिनंही हेच केलं असतं, पाण्यापायी बेट घालवलं बिचारीनं.

मी उभी राहिले. म्हटलं, "तिनं नाही घालवलं. ती दारात उभी होती, मला चला म्हणत होती. पाणी मी भरत होते."

मी खाली बसले. प्रज्ञानं तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून संपवलं.

सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही विचारणार, इतकी वर्षं गप्प का बसलात. तिचा हक्कच होता. ती म्हणाली, "बाई, मला माहीत होतं. आईनं बोटीवरून आल्या आल्या सांगितलं होतं. लोक हसायचे तेव्हा मीच तिच्यावर चिडायची, की तू खरं का सांगत नाहीस. तर म्हणायची, त्या दिवशी बाईनं माझा तांब्या आधी भरला. मंग स्वतःची बाटली, मंग बाकीचं. मी दारातनं बघत हुते. वरडले असते तर बेट घावलं असतं, पर मला ते बघायचं हुतं."

शकू, तेव्हापासून मी आठवतेय. नळ आठवतो, बारीक झालेली धार आठवते, किटलीचं भरता न भरणं आठवतं. आधी काय धरलं ते आठवत नाही. जवळ होतं ते उचललं असेन. तुझा तांब्या नुसता हाताशी असेल. ज्याच्यासाठी तू पाचवीच्या भूगोलापासून जपलेलं बेट सोडून दिलंस, ते मी केलंय हे मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही. तू विचारलं असतंस तर काय सांगितलं असतं? खोटं बोलले असते बहुतेक. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठीच. त्या हापशाची भरपाई अशी परस्पर होत नसते हे मला कळतं, आणि तुलाही ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी तू बघत उभी राहिलीस. तुझे किती उपकार मानू आणि कुठल्या तोंडानं, सांग.

मी निघताना प्रज्ञानं तो तांब्या माझ्या पिशवीत घातला. आज फाटक वाजल्यावर मी उठले, नळापाशी गेले. टाकी रिकामी होती, हंडे रिकामे होते, माझी बाटली समोरच होती. मी आत जाऊन तुझा तांब्या आणला आणि आधी तो धरला. भरला, फिरकी लावली, ओट्यावर ठेवला. मग बाकीचं.

या वेळी मला माहीत होतं.